साइडपट्टीवरची माणसं



तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं रस्त्यांवर काय बोलायचं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसतो आहे. रास्त आहे. आयुष्यभर आम्ही शंकराचार्य आणि कांट शिकवले. खडी आणि डांबर हा काही आमचा विषय नव्हे. पण आज संध्याकाळी बारामती–नीरा रस्त्यावर एस.टी.तून उतरलो आणि या सभागृहापर्यंत पायी आलो. अंतर फार नाही. तेवढ्यात तीन वेळा आम्हाला रस्ता सोडून खाली मातीत उतरावं लागलं. एकदा उसाच्या डबल ट्रॉलीसाठी, एकदा एका मोटारीसाठी, आणि एकदा समोरून चुकीच्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकलसाठी. गंमत अशी, की तिन्ही वेळा आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. जणू रस्त्यावर असण्याची चूक आमचीच. ही ओशाळण्याची भावना माणसात कुठून आली, कधी आली, हा मात्र आमच्या विषयात बसणारा प्रश्न आहे. त्याचा इतिहास आहे, आणि आज तोच सांगायचा आहे.

सुरुवात एका माणसापासून करू. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. संध्याकाळी ग्रंथालय बंद करायचं, किल्ली द्यायची, आणि सायकलला डायनामो लावून आठ किलोमीटरवरच्या गावी जायचं, हा त्यांचा क्रम. असेच हंगामाचे दिवस होते. उसाची एक ट्रॉली चाक पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. घरंगळू नये म्हणून चाकामागे एक मोठा दगड लावलेला. समोरून ट्रक आला, त्याचा झोत मामांच्या डोळ्यांवर पडला, आणि ते ट्रॉलीबाहेर आलेल्या उसावर जाऊन आदळले. तिसऱ्या दिवशी गेले.

कागदपत्रांत लिहिलं गेलं, की सायकलचा दिवा मंद होता. महाविद्यालयात शोकसभा झाली. ठरावाचा मसुदा करण्याचं काम आमच्याकडे आलं, कारण आमचं मराठी बरं समजलं जाई. आम्ही लिहिलं, ‘दुर्दैवी अपघाती निधन’. चार शब्दही नाहीत, पण त्यात दोन खोट्या गोष्टी आहेत हे कळायला आम्हाला पुढे बरीच वर्षं लागली. एक ‘दुर्दैवी’ आणि दुसरी ‘अपघाती’.

कुंभाराचं गाढव

आपल्या न्यायशास्त्रात कारणाची फार बारीक चर्चा आहे. मडकं कशामुळे होतं? माती, कुंभार, चाक, दांडा ही कारणं. मग माती वाहून आणणारं गाढव कारण का नाही? नैयायिक म्हणतात, गाढव तिथं असलं तरी ते ‘अन्यथासिद्ध’ आहे. म्हणजे माती बैलगाडीतून आली असती तरी मडकं झालंच असतं. गाढवाचं असणं-नसणं मडक्याला आवश्यक नाही.

आता रस्त्यावरच्या मृत्यूंची चर्चा आपण कशी करतो ते पाहा. चालकाची चूक, सायकलवाल्याची चूक, नशीब. रस्ता? तो बिचारा नुसता तिथं होता. रस्त्याला आपण कुंभाराचं गाढव करून टाकतो. पण न्यायाचीच कसोटी लावून बघा. त्या रात्री सायकलसाठी कडेला चार हात सपाट, वेगळी जागा असती, बंद पडलेली गाडी उभी करायला बाजूला मोकळी पट्टी असती, तर मामांचा दिवा तेवढाच मंद असूनही ते घरी पोचले असते. ज्याच्या नसण्यानं परिणाम टळतो, ते गाढव नव्हे. ते कारण आहे. आणि रस्ता काही आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी आखतो, कुणीतरी मंजूर करतो, कुणीतरी त्याचं बिल काढतो.

रस्ता पायांचा होता तेव्हा

आता थोडं मागे जाऊ. यंत्रावर चालणारी गाडी रस्त्यावर आली तेव्हा तिलाच परकं समजत होते. इंग्लंडमध्ये १८६५ साली कायदा झाला, की अशा गाडीच्या पुढे एका माणसानं लाल निशाण घेऊन चालावं. गावात वेग ताशी दोन मैल. म्हणजे यंत्रानं माणसाच्या चालीनं चालायचं! हा कायदा हास्यास्पद आहे असं म्हणून आपण सोडून देतो, पण त्यामागचा विचार साधा होता: धोका जो आणतो, जपून त्यानं वागायचं. १८९६ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. मोटारीखाली गेलेल्या ब्रिटनमधल्या पहिल्या पादचाऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. चौकशी झाली. निर्णय काय, तर अपघाती मृत्यू. त्याच वर्षी वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांवर गेली. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत रस्ता वाटेल तिथून ओलांडणाऱ्याला गावंढळ ठरवणारा एक शब्दच प्रचारात आणला गेला. ओशाळण्याची भावना आली ती तिथून. ती शिकवली गेली.

आपल्याकडे काय झालं? इथं एक मराठी नाव येतं, आणि ते ऐकून आम्ही स्वतः चकित झालो होतो. पुणे विद्यापीठात पीएच.डी.चं काम करताना आम्ही जयकर ग्रंथालयात कितीतरी दुपारी काढल्या. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर म्हणजे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, एवढंच आम्हाला ठाऊक. हेच जयकर १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते, हे फार उशिरा समजलं. त्या समितीनं सांगितलं, की रस्ते बांधणं स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी करा. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी झाला, आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था.

सूचना शहाणपणाचीच होती. नाहीतर रस्ते झालेच नसते. पण तिचा एक परिणाम झाला, जो कुणी ठरवून केला नव्हता. रस्त्याचा पैसा पेट्रोलमधून येतो, म्हटल्यावर रस्ता पेट्रोल जाळणाऱ्याचा, ही समजूत मनात घट्ट बसली. चालणारा पेट्रोल जाळत नाही. मग तो फुकटा ठरला.

त्यानंतर १९४३ साली नागपूरला देशातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथं जी योजना झाली ती ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामरस्ते ही जी उतरंड आज आपल्या मैलाच्या दगडांवर दिसते, ती त्या नागपूर योजनेची. शेतीच्या विकसित भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असं तिचं एक उद्दिष्ट होतं. मोठं स्वप्न होतं, आणि पुष्कळ प्रमाणात ते खरंही झालं. फक्त त्या पाच मैलांत माणूस कशानं जाणार? पायी किंवा सायकलवर. त्याच्यासाठी रस्त्याच्या रुंदीत किती फूट ठेवायचे, हा प्रश्न मागेच राहिला. अभियंत्यांना तो माहीत नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. सायकल-मार्ग कसे आखावेत याचा मानदंड रोड्स काँग्रेसनं १९६२ सालीच काढला होता. माहिती होती. मनात नव्हतं.

आणि रस्ते बांधले कुणी? या सभागृहात पांढऱ्या केसांची माणसं पुष्कळ आहेत. त्यांना १९७२ सांगायला नको. बारामती-इंदापूरचा जिरायती पट्टा, विहिरी कोरड्या, जनावरं छावणीत किंवा बाजारात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या दुष्काळात खऱ्या अर्थानं उभी राहिली. पाझर तलाव आणि रस्ते, ही मुख्य कामं. बाया-माणसं उन्हात बसून खडी फोडत होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी रस्त्यांच्या पोटात ती खडी अजून आहे. ती फोडणारा प्रत्येक माणूस कामावर पायी येत होता. ज्यांनी रस्ता हातानं केला, त्यांची नातवंडं आज त्याच रस्त्याच्या साइडपट्टीवरून जीव मुठीत धरून शाळेला जातात. आम्हाला हा इतिहासातला सर्वांत मोठा विपर्यास वाटतो.

पुण्याची सायकल कुठे गेली?

आता पुण्याकडे वळू, कारण माळेगावात उद्या काय होणार आहे ते पुण्यात काल झालं आहे. सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ख्याती होती. आम्ही शिकायला गेलो तेव्हा सायकलला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडत, आणि डबलसीट दिसलं की पकडत. प्राध्यापक, कारकून, दूधवाला, गॅझेटेड अधिकारी सगळे सायकलवर. लकडी पुलावर संध्याकाळी घंट्यांचा नुसता किणकिणाट.

१९७२ साली, म्हणजे आपल्याकडे खडी फुटत होती त्याच वर्षी, पुण्यातच लुना जन्माला आली. आकुर्डीच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत होते. लोक आळशी झाले म्हणून सायकल गेली, असं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. शहर पसरलं, घर आणि नोकरी यांत बारा-पंधरा किलोमीटर अंतर पडलं, बसचा भरवसा नाही. मग माणूस काय करील? आणि रस्त्यावर वेगवान गाड्या वाढल्या, की सायकलवर राहिलेल्याला भीती वाटू लागते. तोही गाडी घेतो. त्यामुळे उरलेल्याची भीती आणखी वाढते. पदपथ कापून रस्ते रुंद झाले. ती रुंदी काही वर्षांत गाड्यांनी भरून गेली.

पुण्यानं दुरुस्तीचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. २००६ साली केंद्राचं शहरी वाहतूक धोरण आलं. त्याचं सूत्र असं, की रस्ता वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बी.आर.टी. सुरू झाली, आणि तिच्या कडेला सायकल-मार्ग व पदपथ झाले. २०१६ साली पादचारी धोरण झालं, २०१७ साली संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाकं, मुलांच्या खेळण्याच्या जागा झाल्या. संध्याकाळी आजी-आजोबा तिथं बसलेले दिसतात. हे यश आहे, ते मान्य केलं पाहिजे.

पण सायकल-मार्गांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. मार्ग सुरू होतो. शंभर-दोनशे पावलांवर विजेचा खांब. पुढे बसथांबा. मग कुणाची तरी मोटार. मग मार्ग संपतो, नेमका चौकाआधी, म्हणजे जिथं त्याची सर्वांत जास्त गरज तिथं. भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली शहरभर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मग लोक म्हणाले, बघा, पुणेकरांना सायकल नकोच आहे. साखळीची एक कडी तुटली तर साखळी उरत नाही. दहा किलोमीटरच्या वाटेत नऊ किलोमीटर सुरक्षित आणि एक किलोमीटर जीवघेणा असेल, तर आई मुलीला सायकल देत नाही. तिच्या दृष्टीनं ती वाट पूर्ण जीवघेणीच असते.

हॉलंडची मुलं

इथं कुणीतरी म्हणेल, सर, ते हॉलंडला होतं, त्यांचा स्वभावच तसा. हा गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्येही मोटारींसाठी शहरं फोडली जात होती आणि सायकल झपाट्यानं कमी होत होती. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नाव होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. नावाकडे लक्ष द्या. त्यांनी ‘अपघात’ म्हटलं नाही. १९७३ साली तेलाचा तुटवडा आला, रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि रिकाम्या रस्त्यावर मुलं खेळताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. मग हळूहळू, वीस-तीस वर्षं, एकेक चौक करत तो देश बदलला. स्वभाव नंतर आला. रस्ते आधी झाले.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. रोजची नव्वद. ‘पादचारी’ हा शब्द आपण बोलताना कधी वापरत नाही. तो वर्तमानपत्रात येतो, आणि तोही बहुधा ‘ठार’ या शब्दाला जोडून.

माळेगावनं काय करायचं?

माळेगाव आता ग्रामपंचायत राहिलेली नाही, नगरपंचायत झाली आहे. म्हणजे इथले रस्ते आता शहरातले रस्ते होऊ घातले आहेत. नीरा डाव्या कालव्यानं या भागाला ऊस दिला, उसानं कारखाना दिला, कारखान्यानं शाळा-महाविद्यालयं दिली. एकाच रस्त्यावरून सकाळी ऊस, मुलं, दूध आणि कामगार निघतात. अजून घरं मागे सरकवावी लागतील इतकी दाटी नाही. पुण्यानं जे गमावून मग शोधलं, ते तुम्हाला गमवायचीच गरज नाही.

‘इथं आता सायकल चालवतं कोण?’ असं विचारतील. त्यांना कालव्याचं उदाहरण द्या. कालवा होण्याआधी या रानात उसाची मोजणी केली असती, तर कालव्याची काही गरजच नाही असं उत्तर आलं असतं. पाणी आलं, मग ऊस आला. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी जवळजवळ एकतृतीयांशानं वाढली होती. मुलीला शिकायचं होतंच. मधे फक्त रस्ता होता.

मग ऊस कसा जाणार? ऊस गेलाच पाहिजे. त्यावर इथली चूल पेटते. ट्रॉलीवाल्याशी आमचं भांडण नाही. तोही रात्र-रात्र जागून चालवणारा गरीब माणूस आहे. म्हणून मागण्या साध्या आहेत. दर वेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता चार बोटं उंच होतो, आणि साइडपट्टी तशीच खाली राहते. त्या कडेवरून सायकलचं चाक घसरलं की माणूस थेट मागच्या चाकाखाली. तेव्हा साइडपट्टी भरल्याशिवाय डांबराचं काम पुरं झालं असं मानू नका. गावाच्या हद्दीत तीच पट्टी उंच, सलग पदपथ करा, गटार झाकून, खांब बाजूला घेऊन. शाळेच्या दारात पट्टे नुसते रंगवू नका, ओलांडायची जागाच उंच करा, म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागेल. वेग तीसचा साठ झाला, की धक्का दुप्पट नाही, चौपट बसतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्याला सवलत नाही. आणि बंद पडलेल्या ट्रॉलीसाठी दर काही अंतरावर बाजूला जागा, प्रत्येक ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर. एवढंच.

हे आपल्याला जमत नाही, असं आम्ही मानणार नाही, कारण ते तुमच्या शेजारून जाताना दिसतं. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर करत इंदापूरकडे जाते. त्या दिवसांत पोलीस वाहनं दुसरीकडे वळवतात, गावंच्या गावं रस्ता झाडतात, काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पायी चालणाऱ्यासाठी मोटार थांबते आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्या आराखड्यात दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी चालण्याची वेगळी वाट धरली आहे. म्हणजे महामार्गावर चालणाऱ्याची जागा आखता येते, तिला पैसे मिळतात, ती मंजूर होते. अट एकच, चालणाऱ्याबद्दल मनात आदर हवा. वारकरी वर्षातून एकदा जातो. पोरगी शाळेला रोज जाते. तिचीही ती वारीच आहे.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हक्क कागदावर आला. तो साइडपट्टीवर आणायचं काम मात्र दिल्लीहून होणार नाही. ते नगरपंचायतीच्या सभेत, अंदाजपत्रकाच्या दिवशी, तुम्ही उठून प्रश्न विचारलात तर होईल.

मामांचं शेवटचं सांगतो आणि थांबतो. ती ट्रॉली दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन गेली. चाकामागचा दगड मात्र रस्त्यावर तसाच राहिला. महिनाभर तरी होता. जाणारा-येणारा प्रत्येक जण तो चुकवून जाई. आम्हीही रोज सायकलवरून तिथूनच जात होतो, आणि आम्हीही तो चुकवूनच जात होतो. शोकठराव आम्ही लिहिला होता, त्यातली भाषा सुंदर होती असं सगळे म्हणाले. उतरून दगड बाजूला करण्याचं आम्हाला सुचलं नाही.

तुम्हाला सुचावं, एवढ्यासाठी आज आलो होतो.